चार्ज कुणाला देऊ?

आमच्या ऑफिसच्या पाटीवर 'डॉक्युमेंट सर्व्हिसेस' असं लिहिलेलं असलं, तरी करोल बागेतले आजूबाजूचे दुकानदार आम्हाला 'ठप्पेवाले' म्हणतात. सुरुवातीला हे मला फार लागायचं. बी.ए. झालेल्या माणसाला ठप्पेवाला म्हणायचं? पुढे पटलं, की नाव बरोबर आहे. परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाच्या डिग्रीवर, लग्नाच्या दाखल्यावर, पोलिसांच्या दाखल्यावर आधी राज्याचा, मग दिल्लीतल्या खात्याचा, मग त्या देशाच्या वकिलातीचा असे शिक्के लागतात. ते रांगेत उभं राहून आणून द्यायचे, हे आमचं काम. माणूस विमानात बसला की आपला संबंध संपला, असं आमचे मालक खन्नाजी म्हणायचे. "अपना काम टेक-ऑफ तक. लँडिंग भगवान जाने."

या धंद्यात मी आलो तो धुरामुळे. आमच्या आटपाडीकडची बरीच घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. माझे काका त्याच धंद्यात करोल बागेत होते आणि मलाही त्यांनी त्यासाठीच आणलं होतं. मला भट्टीचा धूर सोसेना, म्हणून त्यांनी मला गल्लीतल्या खन्नाजींकडे चिकटवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. दिवसा रांगा लावत आणि पोस्टानं येणारी पुस्तकं वाचत मी पदवी घेतली, त्या दिवशी खन्नाजींनी ऑफिसात लाडू वाटले आणि माझी खुर्ची दाराजवळून उचलून आत पंख्याखाली आणून ठेवली. दोन्ही माणसांचे उपकार मी विसरणार नाही. पण टेक-ऑफबद्दलचं खन्नाजींचं मत मला हळूहळू पटेनासं झालं. जाताना लागतात त्याहून अवघड कागद माणसाला परत येताना लागतात.

ते कसं, हे थोडक्यात सांगतो. आखाती देशांत कामाचा व्हिसा माणसाच्या नावावर असला, तरी तो टांगलेला असतो मालकाच्या खुंटीला. नोकरी सुटली की मालक तो रद्द करतो. मग देश सोडायला किंवा दुसरी नोकरी शोधायला थोडी मुदत मिळते. ती उलटली, की माणूस 'ओव्हरस्टे'मध्ये जातो. दंड चढायला लागतो आणि तो भरल्याशिवाय विमानात बसू देत नाहीत. नोकरी नाही म्हणून दंड भरता येत नाही, दंड भरता येत नाही म्हणून घरी येता येत नाही. त्यात मालकानं 'हा कामावरून पळून गेला' अशी तक्रार केलेली असेल, तर नावापुढे 'फरार' लागतं. मग पोलीस दिसला की गल्ली बदलायची, असं जगणं सुरू होतं.

यात अडकलेले लोक मी पुष्कळ पाहिले. लबाड फार थोडे. बहुतेकांचा घोटाळा समजुतीचा असतो. पानिपतचा एक रंगाईचा मास्टर होता, आखातातल्या एका मोठ्या कापड गिरणीत नोकरीला गेलेला. नोकरी सोडल्यावर तो तिथेच निवांत राहिला, कारण पासपोर्टवरच्या स्टिकरवर पुढच्या वर्षाची तारीख छापलेली होती. नोकरी सुटली त्या दिवशी ती तारीखही संपली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो परत आल्यावर त्याच्या वडिलांनी मला पानिपतला घरी जेवायला बोलावलं. मी मराठी आहे हे कळल्यावर ताट वाढता वाढता म्हणाले, "आप लोग हमारे यहाँ पहले भी आए थे. इस बार खाना खाके जाइएगा."

सगळ्या गोष्टींचा शेवट जेवणानं होत नाही. नजफगढचा एक ड्रायव्हर मला आणता आला नाही. घरचे आमच्याकडे आले तेव्हा तो आधीच पकडला गेला होता, आणि शिक्षा भोगूनच परतला. त्याच्या आईनं मला एकच विचारलं होतं, "भैया, आपने भेजा था, तो वापस क्यों नहीं ला सकते?" तेव्हापासून मी ठरवलं, की आपल्या दारात आलेल्या माणसाचं लँडिंगही आपण बघायचं. खन्नाजी कुरकुरले, पण फोनचं बिल त्यांनीच भरलं.

अश्विनी जगदाळे आमच्याकडे आली ती मे महिन्यातल्या एका दुपारी, डोक्याला ओढणी गुंडाळून, घामानं निथळत.

"भाऊ, बाहेरच्या दुकानदारानं सांगितलं, आत मराठी माणूस बसतो. आधी पाणी द्या, मग सांगते."

नवरा फौजेत नाईक, सीमेवर. ही सासूबरोबर दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये. सासरे संपत जगदाळे, माण तालुक्यातले, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि नंतर आखातात एका गोदामावर पहारेकरी म्हणून गेलेले. देशाचं आणि कंपनीचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. हवालदारांनी नोकरीचा राजीनामा दिला, आणि त्याच सुमारास कंपनी बुडाली. व्हिसा रद्द झाला, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात कुठेतरी राहिला आणि हवालदार ओव्हरस्टेमध्ये गेले.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची होती. त्या देशानं नुकतीच माफी जाहीर केली होती. मुदतीच्या आत अर्ज करून जो देश सोडेल, त्याला दंड नाही आणि तुरुंगही नाही. मुदत टळली, की धरपकड.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही ना! आबा येतो येतो म्हणतात, आणि येत नाहीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवाला बसल्यात. मी म्हटलं, देवाकडे त्या बघतील, मी ऑफिसकडे बघते."

मी नेहमीप्रमाणे कामाला लागलो. पासपोर्ट नसलेल्या माणसाला आपली वकिलात परत येण्यापुरता एक कागद देते, त्याला आउटपास म्हणतात. त्यासाठी पासपोर्टची जुनी झेरॉक्स लागते, ती अश्विनीनं सासूच्या ट्रंकेतून शोधून आणली. तिथे आपली काही माणसं स्वतःहून अशा कामगारांना मदत करतात, त्यांतल्या एकाला मी गाठलं. आउटपास मिळाला. माफीचा अर्ज द्यायची तारीख मिळाली. मी मनात पेढे वाटून मोकळा झालो.

ठरल्या दिवशी हवालदार गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अश्विनी आमच्या ऑफिसात येऊन बसली. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"जयहिंद. हवालदार जगदाळे."

"आबा, काल का नाही गेलात तुम्ही? भाऊंनी एवढी खटपट केली!"

"पोरी, गेटवर मी एकटा हाय. पोस्ट सोडून जाऊ कसा?"

"कसली पोस्ट? कंपनी बंद पडली ना?"

"कंपनी बंद पडली. गेट हाय की."

मग हळूहळू उलगडा झाला. हवालदारांनी राजीनामा दिला, तेव्हा मॅनेजर म्हणाला होता, "तुमच्या जागी माणूस येतोय, तो येईपर्यंत थांबा." माणूस आलाच नाही. कंपनी बुडाली, कामगार मिळेल त्या वाटेनं पांगले आणि शेवटी मॅनेजरही आपल्या देशात निघून गेला. जाण्यापूर्वी त्यानं स्वतःची मान सोडवून घेण्यासाठी सगळ्या कामगारांवर 'पळून गेले' अशी तक्रार टाकली. किल्ल्यांचा जुडगा हवालदारांकडे राहिला. ते गेटजवळच्या खोलीत राहत होते, सकाळ-संध्याकाळ गोदामाला फेरी मारत होते. समोर बशीर नावाचा किराणावाला होता, केरळचा. तो त्यांना जेवायला घालत होता.

म्हणजे अख्ख्या कंपनीत जो एकटा पळाला नव्हता, तोही कागदावर फरार होता.

"हवालदारसाहेब, तिथलं आता कुणीही तुम्हाला विचारणार नाही," मी म्हटलं. "अर्जावर सही करा आणि निघा."

"भाऊ, तुम्ही शिकलेले. त्या अर्जावर मी कोण म्हणून सही करायची? फरार म्हणून ना? फौजेत त्याला भगोडा म्हणतात. एवढ्या नोकरीत माझ्या नावावर शिक्षेची, लाल शाईची एक एंट्री नाही. चार्ज न देता गेलो, तर मग मॅनेजरनं लिहिलंय तेच खरं की."

"अहो, पण चार्ज घ्यायला आहे कोण?"

"तेच विचारतोय मी. चार्ज कुणाला देऊ?"

फौजी घरांत राहिलेल्यांना हे पटेल. इतर कुणी याला खुळेपणा म्हणेल. खन्नाजी म्हणालेच, "ये आदमी पागल है या भगवान?" आणि मग त्यांनीच तोड काढली. फौजी माणूस फौजी माणसाचं ऐकेल. त्याचा एखादा वरचा शोधा.

कॅन्टोन्मेंटमधल्या बायकांची साखळी कुठल्याही सरकारी खात्यापेक्षा वेगानं चालते. अश्विनीनं आठवड्याच्या आत हवालदारांचे एके काळचे सुभेदार शोधून काढले. निवृत्त होऊन ते पालमला मुलाकडे राहत होते. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा शर्ट. आमच्या ऑफिसात येऊन ते खुर्चीवर न टेकता उभ्यानंच फोनवर बोलले.

"जगदाळे!"

"जयहिंद, साब!"

"फौरन वापस आओ. हुकूम आहे माझा."

हवालदार अगदी अदबीनं म्हणाले, "साब, माफी असावी. तुम्ही पेन्शनवर, मी पेन्शनवर. हुकूम कसा चालंल? आणि रिलीव्हर आल्याबिगर पोस्ट सोडायची नाही, हे मला शिकवलं कुणी? तुम्हीच ना!"

सुभेदारसाहेबांनी फोन माझ्या हातात दिला. "बरोबर बोलतोय तो," म्हणाले, आणि चहा न घेता निघून गेले. खन्नाजींनी कपाळावर हात मारला.

मुदत संपत आली होती. मी त्या जागेच्या मूळ मालकाकडे माणूस पाठवला. त्यानं सांगितलं, प्रकरण कोर्टात आहे, आम्ही कशालाच हात लावणार नाही. वकिलातीतून उत्तर आलं, की खासगी गोदामाचा ताबा घेणं त्यांच्या कक्षेत नाही, आणि त्यांचं म्हणणं योग्यच होतं. रोज बातम्यांत धरपकडीची तयारी दिसत होती. साठी उलटलेला हा माणूस उद्या तिथल्या तुरुंगाच्या रांगेत बसलेला मला दिसायला लागला. आणि मी ठरवलं होतं, की आणखी एका बाईला 'वापस क्यों नहीं ला सके' असं विचारायची वेळ येऊ द्यायची नाही.

त्या दिवशी अश्विनी आली ती रागानं लाल होऊन. तिनं माझा फोन हातातून घेतला, व्हिडिओ कॉल लावला. हवालदार दिसले. वाढलेली दाढी नव्हती, मळका शर्ट नव्हता. गेटसमोर ताठ उभे होते.

"आबा, एक विचारते. तुम्ही परदेशी गेलात, हे बॉर्डरवर. घराचा चार्ज कुणाकडे होता?"

"तुझ्याकडं."

"आत्याबाईंचं ऑपरेशन कुणी केलं?"

"डॉक्टरनं."

"आबा!"

"बरं, बरं. तू केलंस."

"शेतीची मोजणी आली, तेव्हा गावाला कोण गेलं होतं?"

"तूच की."

"त्यात काही कमी-जास्त झालं?"

"नाही बा. कोण म्हणतंय?"

"मग हा पण चार्ज मला द्या. आत्ता. इथं बसून घेते मी."

मला वाटलं, हे आता हसण्यावारी नेतील. पण ते गंभीरपणे म्हणाले, "चार्ज असा तोंडी नसतो, पोरी. बोर्ड लागतो. तीन माणसं."

"आहेत ना! मी, भाऊ आणि खन्ना अंकल."

"प्रेसिडेंट कोण?"

तिनं खन्नाजींकडे बोट दाखवलं. खन्नाजींना मराठी समजत नव्हतं, पण बोट समजलं. "मैं? किस चीज़ का?" मी सांगितलं. त्यांनी शर्टाची वरची बटणं लावली आणि खुर्ची पुढे ओढली. "चलो जी. शुरू करो."

मग करोल बागेतल्या त्या एका खोलीत बसून आम्ही समुद्रापलीकडच्या एका बुडीत गोदामाचा ताबा घेतला. हवालदार मोबाईल धरून एकेका दालनातून चालत होते आणि मोठ्यानं सांगत होते. फोर्कलिफ्ट एक, बॅटरी उतरलेली. आग विझवायची नळकांडी, भिंतीवर. पंख्यांचे खोके, सीलबंद. अश्विनी कागदावर लिहीत होती, मी खन्नाजींना हिंदीत सांगत होतो. मला वाटलं होतं, ही नुसती मान हलवत जाईल आणि काम उरकेल. पण तिनं मध्येच थांबवलं.

"तो कोपऱ्यातला खोका फुटलेला दिसतोय. उघडून दाखवा."

"उघडू?"

"बघितल्याशिवाय नाही घेणार मी चार्ज."

हवालदारांनी तो खोका उघडून दाखवला. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच समाधान दिसलं. पुढे हातगाड्यांपाशी ती पुन्हा अडली.

"मघाशी चार म्हणालात. इथं तीनच आहेत."

"एक बशीरकडं हाय. पाण्याचे कॅन आणायला नेलीय."

"मग परत आणा."

"अगं, माणूस मला जेवायला घालतोय!"

"असू दे. जेवण वेगळं, चार्ज वेगळा."

खन्नाजी माझ्या कानात कुजबुजले, "इसको मैं नौकरी पे रख लूँ?" पलीकडे हवालदारांनी हाक मारल्यावर बशीर स्वतः गाडी ढकलत आत आला, कॅमेऱ्यासमोर येऊन म्हणाला, "मॅडम, सॉरी हाँ." त्याच्याच ताब्यात किल्ल्या द्यायच्या ठरल्या, लिफाफ्यात बंद करून, वर सही घेऊन. पुढे कोर्टाचा माणूस आला, तेव्हा त्यानं त्या बिनतक्रार दिल्या.

एक गाठ राहिली होती, 'फरार' या शब्दाची. मी इंग्रजीत चार ओळींचं निवेदन लिहिलं. आमच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं तसं, विशेषणं न लावता. 'मी माझी जागा सोडलेली नाही. माझ्या जागी कुणी आलं नाही. आज ताबा देऊन मी जात आहे. पळून गेल्याची तक्रार मला मान्य नाही.' ते तिथल्या मदत करणाऱ्या माणसाला पाठवलं. तो वैतागला. "भाईसाब, ये कोई नहीं पढ़ता."

"न पढ़ें. आप अर्ज़ी के साथ लगा दीजिए."

हवालदारांनी आधी त्या निवेदनावर सही केली आणि मग माफीच्या अर्जावर. बोटांचे ठसे झाले. देश सोडायची परवानगी मिळाली. खिडकीवरच्या माणसानं माझं निवेदन मात्र काढून परत दिलं, याची गरज नाही म्हणून. त्यामुळे तिकडच्या नोंदीत हवालदार संपत जगदाळे आजही फरारच आहेत. मी त्यासाठी दोनदा लिहिलं, उत्तर आलेलं नाही. पुन्हा लिहिणार आहे. या कामातलं हे एवढं मला सलतं.

ते आले त्या दिवशी विमानतळावर मी, अश्विनी आणि तिच्या सासूबाई उभे होतो. विमान उतरून बराच वेळ झाला. बॅगा ढकलत सगळी गर्दी बाहेर पडली, हवालदार नाहीत. आउटपासवर आलेल्या माणसाला इमिग्रेशनवाले बाजूला घेऊन विचारपूस करतात, हे मला माहीत होतं. ते मी दोघींना सांगितलं. तरी सासूबाईंनी अश्विनीचा हात सोडला नाही. अश्विनी एकदा पोलिसाला विचारून आली, मग दुसऱ्यांदा गेली, तेव्हा तो म्हणाला, "मैडम, आप ही अंदर चली जाइए."

शेवटी आले. खांद्यावर एकच पिशवी, दाढी केलेली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. अश्विनी पाया पडायला वाकली आणि वाकतानाच म्हणाली, "एवढा वेळ का लागला, आबा? काय विचारत होते?"

"साहेबानं विचारलं, 'नौकरी से भाग के आए हो?' म्हटलं, नहीं साब, चार्ज देकर आया हूँ."

"मग?"

"मग विचारलं, 'किसको दिया?' म्हटलं, बहू को."

मला हसू फुटलं. सासूबाईही रडता रडता हसल्या. "हसला असेल तो," अश्विनी म्हणाली.

हवालदारांनी तिच्याकडे जरा रागानंच पाहिलं.

"हसंल कशाला? लिहून घेतलं त्यानं."